एकोणीस नंबरचं चित्र

बसा, बसा. पुढं सरका जरा, मागच्यांना जागा करून द्या. सगळे देवाचं दर्शन घेऊनच बसलात ना? मी इथं बसून घंटा ऐकत होतो. वाजवलीत बुवा मनापासून! मग आता मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारणार आहे, आणि उत्तर घेतल्याशिवाय कुणाला आरती नाही. माणूस पाहतो कशानं?

डोळ्यांनी? कोण म्हणालं ते? अहो काका, डोळे बटाट्यालाही असतात. त्याला काय दिसतं? समोर मूर्ती आहे, समोर माणूस आहे, समोर अख्खा संसार मांडलेला आहे. आणि आपण म्हणतो, पाहिलं की! खरंच पाहिलं? सांगतो. एक गोष्ट सांगतो.

नदीकाठचं एक तालुक्याचं गाव. नाव विचारू नका, पुढच्या महिन्यात तिथंच माझं कीर्तन आहे. या गावात एक कलामंडळ. दर वर्षी चित्रांचं प्रदर्शन, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. गावातलीच मंडळी चित्रं काढणार आणि गावातलीच मंडळी बघायला येणार. चांगली गोष्ट आहे, मी हसत नाही. हसणार आहे ते पुढं.

तर या मंडळाचे अध्यक्ष वामनराव खळदकर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. अकरा वर्षं अध्यक्ष! एक प्रदर्शन चुकवलं नाही. आणि खरं सांगू? एक चित्र पाहिलं नाही.

हे कसं, म्हणता? वामनराव एकदा मुंबईला गेले होते, तिथं एका मोठ्या प्रदर्शनात एक दाढीवाले गृहस्थ त्यांच्या शेजारी उभे राहिले. हात मागे, मान तिरकी, आणि म्हणाले, "रंगसंगती बरी आहे. खोली हवी." संपलं! वामनरावांना कला कळली. गावात परतले ते ही दोन वाक्यं घेऊनच. बैलाचं चित्र असो की बोटीचं, रंगसंगती बरी आहे, खोली हवी. एकदा तर भिंतीवर नुसता लाइटचा मीटर होता. तिथंही थांबले होते. मान तिरकी झाली होती! चिटणिसांनी हळूच पुढं काढलं म्हणून अब्रू वाचली.

या गावची एक रीत आहे. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता अध्यक्षांची फेरी. अध्यक्ष हातात माइक घेऊन एकेका चित्रापुढं थांबणार आणि सगळ्यांदेखत अभिप्राय देणार. मागं शे-दीडशे माणसं. आणि सगळ्यांच्या मागं माइकची वायर सांभाळत चिटणीस सुभाष कोष्टी. वायर पोचायची तेविसाव्या चित्रापर्यंत. त्यापुढच्या चित्रांना अभिप्राय नाही! मग चित्रकारांची धडपड कसली असेल? चांगलं चित्र काढायची? छे हो. वायरीच्या हद्दीत खिळा मिळवायची.

दुसरी रीत अशी, की चित्राखाली नाव लावायचं नाही. फक्त नंबर. नावं बंद पाकिटात. फेरी झाली की पाकीट फोडायचं आणि कुणाचं कुठलं ते वाचायचं. भेदभाव नको म्हणून. बरोबर आहे.

आता त्या वर्षी काय झालं, ते ऐका. पीठगिरणीच्या वरच्या खोलीत तांबोळीबाई नावाच्या शिक्षिका बायकांना दुपारी चित्रकला शिकवायच्या. आणि त्यांच्या वर्गात दीड वर्षापासून कोण येत होतं? वामनरावांच्या सौभाग्यवती, नलूताई! वामनरावांना पत्ता नाही. घरात बाई दीड वर्ष रंग लावतेय, नखात निळं, पदरावर पिवळं. पण यांचं तोंड पेपरात. एकदा विचारलं म्हणे, "बोटाला काय झालं?" ताई म्हणाल्या, "हळद." हळद निळी असते का हो? यांनी मान डोलावली!

नलूताईंनी एक चित्र काढलं. तांबोळीबाईंनी ते पाहिलं, खिडकीपाशी उजेडात नेऊन पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "ताई, हे लावायचंच. बक्षीस मिळेल."

"बक्षीस नको मला," नलूताई म्हणाल्या. "त्यांनी त्याच्यापुढं थांबावं, आणि ओळखावं. एवढंच बघायचंय."

बघा. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईनं काय मागितलं? दागिना नाही, जमीन नाही. ओळखावं म्हणाली. तांबोळीबाईंनी ते चित्र लावलं एकोणीस नंबरला. वायरीच्या हद्दीत!

चित्रात काय होतं, सांगतो. स्वयंपाकघर. ओट्यापाशी उभी असलेली एक बाई, पाठमोरी. खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. भिंतीवर कॅलेंडर, मागच्या महिन्याचं, कुणी पान उलटलेलं नाही. खाली चित्राच्या कडेला एक पांढरा पट्टा आडवा गेलेला, बारीक रेघांचा. आणि त्या पट्ट्याशेजारी स्टीलचा पेला. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात ना, ठिपक्याठिपक्यांचं? तसं त्या पेल्यावर होतं. स्वच्छ वाचता येईल असं. वा. दा. खळदकर, १४-५-८२.

लग्नातला पेला! रोज सकाळी यांचा चहा त्यातच.

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, रविवार, आला. त्या दिवशी वामनराव जरा जास्तच ताठ चालत होते, कारण फेरीनंतर मंडळ त्यांना 'कलामर्मज्ञ' म्हणून मानपत्र देणार होतं. आयुष्यात खात्यानं एक बदली सोडून काही दिलं नव्हतं. हे मानपत्र त्यांना हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. सकाळपासून दोनदा शाल कुठल्या रंगाची आहे ते विचारून झालं होतं.

फेरी सुरू झाली. एक नंबर, रंगसंगती बरी आहे. दोन नंबर, खोली हवी. सात नंबरला वायर खुर्चीत अडकली, तेवढा वेळ सातव्या चित्रकाराला भाग्य लाभलं. वामनराव नाइलाजानं तिथं उभे राहिले. लोक मागनं शेंगदाणे खातायत, कोण कुणाच्या लग्नाची चौकशी करतंय. नलूताई खांबाशी उभ्या. हातातल्या रुमालाची घडी घालतायत, मोडतायत.

पंधरा. सतरा. अठरा. एकोणीस!

वामनराव थांबले. मान तिरकी झाली. नलूताईंच्या रुमालाची घडी अर्ध्यावर राहिली, मंडळी. आणि वामनरावांना का कोण जाणे, आज मानपत्राच्या दिवशी काहीतरी जास्त बोलावंसं वाटलं. नेहमीच्या दोन वाक्यांवर थांबले असते तर वाचले असते!

"आता हे चित्र बघा," ते माइकमधून म्हणाले. "नवशिक्याच्या सगळ्या चुका यात आहेत. बाई पाठमोरी का? कारण चेहरा काढता येत नाही. चेहरा अवघड असतो ना! हा खाली पांढरा पट्टा कसला? जागा उरली म्हणून भरलेली. आणि पेल्यावर ही अक्षरं कशाला? चित्र बघायचं असतं, वाचायचं नसतं."

ते वाचायचं नसतं म्हणाले, पण मागच्या दीडशे लोकांनी वाचलं. आधी पुढच्यांनी. मग त्यांनी मागच्यांना कोपरानं सांगितलं. हॉलमध्ये शेंगदाण्याचा आवाज थांबला. कोष्टींनी वायर जराशी ओढली. वामनरावांना वाटलं, पुढं चला म्हणतायत. ते पुढं गेले. वीस नंबर. रंगसंगती बरी आहे.

नलूताई खांबापासून निघाल्या आणि जिना उतरून घरी गेल्या. वामनरावांनी तेही पाहिलं नाही.

मग व्यासपीठ. शाल, नारळ, मानपत्र. कोष्टी वाचतायत, "आपली सूक्ष्म दृष्टी, जिच्यापासून बारीकसाही तपशील निसटत नाही…" आणि हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. वामनराव बुचकळ्यात. मग पाकीट फुटलं. तांबोळीबाई नावं वाचू लागल्या. एक नंबर अमुक, दोन नंबर तमुक. एकोणीस नंबरला बाई थांबल्या. वामनरावांकडं बघत, शांतपणे त्यांनी वाचलं, "सौ. नलिनी वामन खळदकर."

काय झालं असेल त्या माणसाचं? खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, आणि दीडशे माणसं बघतायत. एवढी माणसं आयुष्यात पहिल्यांदाच वामनरावांनी नीट पाहिली असतील. ते उठले. चित्राकडं गेले. मान तिरकी नाही, हात मागे नाहीत. आणि पेल्यावरचं नाव वाचलं.

तडक घरी आले. नलूताई ओट्यापाशी, पाठमोऱ्या. आमटी उकळत होती. वामनराव रोजच्या खुर्चीत बसले. समोर पेपर होता, तो नेहमीच्या सवयीनं उचलला, आणि हात तसाच राहिला. पेपराची वरची कड, बारीक छापलेली. शेजारी पेला. भिंतीवर मागच्या महिन्याचं कॅलेंडर. खिडकीत कुंडी. सगळं जिथल्या तिथं! तो पांढरा पट्टा म्हणजे यांचाच पेपर होता हो. चित्र यांच्याच खुर्चीत बसून काढलेलं होतं.

फार लाज वाटली त्यांना. तरीही माणूस कसा असतो बघा, पहिला प्रश्न काय सुचला? म्हणाले, "पण चेहरा का नाही काढलास?"

नलूताई वळल्या नाहीत. आमटी ढवळत म्हणाल्या, "त्या खुर्चीतून दिसत नाही."

एवढंच म्हणाल्या. ना आदळआपट, ना रडणं.

वामनराव उठले. खुर्ची उचलली, ओट्याच्या कडेला नेऊन ठेवली आणि तिथं बसले. नलूताई म्हणाल्या, "वाटेत काय बसताय? चटका बसेल." ते हलले नाहीत. बघत राहिले. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "अगं, तुला चष्मा कधी लागला?"

"सहा वर्षं झाली," नलूताई म्हणाल्या.

सहा वर्षं!

हसा, हसा. बायका तिकडं जास्त हसतायत, आणि पुरुष तिकडं बघायचं टाळतायत. काय हो पेटीवाले, तुम्ही खाली काय बघताय? अकरा वर्षं कलेचा अध्यक्ष, मर्मज्ञ म्हणून शाल पांघरलेला, आणि बायकोच्या नाकावरचा चष्मा दिसला नाही. काय माणूस म्हणायचा, नाही? बरं वाटलं ना हसून?

मग आता माझा प्रश्न. आपण सगळे तासाभरापूर्वी इथं दर्शन घेऊन बसलो. घंटा वाजवली, हात जोडले, मागायचं ते मागितलं. सांगा बघू, आज देवाच्या गळ्यात हार कसला आहे?

बोला, लाजू नका. टोपीवाले काका? झेंडूचा. बरं. मावशी, तुम्ही? मोगऱ्याचा. वा, वासही आला असेल! तिकडून कोण म्हणालं, तुळशीचा? ठीक. आणखी कुणी?

मंडळी, आज देवाला हार नाही. माळीणबाईंचा पाय मुरगळलाय, सकाळपासून हार आलाच नाही. देव मोकळ्या गळ्यानं उभा आहे. मलाही दिसलं नव्हतं, पुजाऱ्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. म्हणजे मीही त्याच खुर्चीतला. आणि ज्याचा गळा रिकामा आहे हे आपल्याला दिसलं नाही, त्यानं आपलं सगळं बघावं, हे मात्र आपण मघाशी हात जोडून सांगून आलो.

उठा आता. आरती पेटवा. घरी गेल्यावर काय करायचं ते मी सांगत नाही, तुमची खुर्ची कुठं आहे ते तुम्हाला माहीत. आत्ता एवढंच करा. आज कुणी डोळे मिटू नका.