परकी झडप

रक्ततपासणीच्या खिडकीमागे तंत्रज्ञबाई नळीवर चिठ्ठी डकवत होत्या. बाहेरच्या बाकावरचं म्हाताऱ्या नवराबायकोचं बोलणं त्यांच्या कानांवर येत होतं.

"पुन्हा रक्त कशाला?"

"दात्याची झडप बसवलीय ना तुमच्या हृदयात. शरीर तिच्याशी भांडतंय का, ते बघतात."

"भांडणारच. परकी ती परकीच."

"मागच्या तपासणीत तर काहीच निघालं नाही. सुखानं नांदतेय ती."

"कुणाची, कुठली, काही विचारलंस?"

"तुमच्या हृदयानंही नाही विचारलं. सुनेला मात्र लग्नापासून विचारताय."

"कुठे गेली ती?"

"फाटकाशी उभी आहे. समोर येऊ नको म्हणालात ना तिला."

"एवढ्या उन्हात?"

"लग्नाला सहा वर्षं झाली, उन्हातच उभी आहे ती."

काठी टेकल्याचा आवाज आला. तंत्रज्ञबाईंनी मान वर केली, तर म्हातारा तरातरा दाराकडे निघाला होता.

"अहो, हळू! झडप नवी आहे, माणूस जुनाच आहे!"