दुसरा व्हॉल्व्ह

आजोबा : दाराच्या कडीवरचा हात काढ आधी.

ती : दोन मिनिटांचं काम. जाते, टाकीचा व्हॉल्व्ह पान्याने फिरवते, येते.

आजोबा : चाचणीत रॉकेटचं इंजिन पेटलं नाही, टाकी द्रव ऑक्सिजनने भरलेली, आत दाब चढतोय, आणि तू पाना घेऊन तिच्याशी लगट करणार? बस खाली.

ती : पन्नाशी गाठायच्या आधीच सगळे तुम्हाला आजोबा म्हणतात, ते उगाच नाही.

आजोबा : खरी नातवंडं बघायचीत, म्हणून.

ती : नुसता बर्फाने जाम झालाय हो!

आजोबा : म्हणून तर इंजिनावर दुसरा होता. ऑक्सिजन तिकडून सोडला असता.

ती : सरळ बोला ना. मी काढला.

आजोबा : मी कुठे काय बोललो?

ती : तीनशे ग्रॅम वाचले. इंजिन स्वतःच्या वजनाच्या साठपट जोर लावायला लागलं, तेव्हा टाळ्या तुम्हीच वाजवल्यात.

आजोबा : वाजवल्या. सहीसुद्धा माझीच.

सासूबाई (फोनवर) : अगं, निघालीस का? बाटली तोंडाला लावू देत नाही पोरगी. रडून घर डोक्यावर घेतलंय.

ती : आई, अडकलेय. टाकी रिकामी होईपर्यंत दार उघडायचं नाही.

सासूबाई : मग करा की रिकामी! इतकी शिकलेली माणसं, एक भांडं उपडं करता येईना?

ती : वाटी-चमच्याने बघा ना पाजून.

सासूबाई : बघते. तू खाल्लंस का काही?

ती : हो. ठेवते... आजोबा, तुमचं ऐकून हायड्राझिनचं इंधन घेतलं असतं, तर ठिणगीविना पेटलं असतं आज.

आजोबा : पेटलं असतं. पण ‘ते विष हाताळून लेकीला जवळ कशी घेऊ’ म्हणालीस, बरोबर म्हणालीस. ऑक्सिजनचं बरं असतं. त्याला मुक्कामाची हौस नाही. उकळतो, वाट मिळाली की जातो.

ती : दाबाचा काटा अठरावर आलाय.

आजोबा : विसाला सेफ्टी आपोआप उघडेल, दाब सोडेल.

ती : नाही उघडली तर?

आजोबा : भिंत जाड आहे.

ती : तुमच्या टाकीला काटा तरी आहे. माझं दूध दाटून आलंय, आजोबा. सगळा सदरा भिजला.

आजोबा : हा माझा कोट घे. मी भिंतीकडे बघतो.

(बाहेर लांबलचक फुसकारा.)

आजोबा : उघडली! उतरतोय काटा.

ती : आता जाऊ?

आजोबा : दाब उतरला, टाकी अजून भरलेलीच. संध्याकाळ होईल.

सासूबाई (फोनवर) : झोपली गं.

ती : घेतलं काही?

सासूबाई : नाही. रडून दमली. तुझा गाऊन मुठीत धरलाय. सोडवू?

ती : नको. राहू दे.

आजोबा : निजली ना? बरं झालं.

ती : उपाशी निजली... आजोबा, तो दुसरा व्हॉल्व्ह भंगारात गेला असेल ना?

आजोबा : माझ्या खणात आहे. पुसून ठेवलाय.