नावानं लागणारा फोन

डोळ्यांच्या दवाखान्यात वीणा टोकन धरून बसली होती. शेजारी डोळ्याला पट्टी बांधलेली एक आजी आणि तिचा मुलगा अभिजीत.

"आई, तुला आता आकडे दिसायचे नाहीत. ह्या नव्या मोबाइलचं बटण दाबून अप्पांचं नाव घेतलंस, की चिकपेटला आपल्या दुकानात फोन वाजेल."

"चाळीस वर्षांत नुसतं नाव कधी घेतलं नाही, ते आता यंत्रापुढं घेऊ?"

"घरात एकटी असशील. चक्कर आली तर?"

"मग 'अहो' म्हणेन."

"एवढं छोटं त्याला कळत नाही."

"बरं, उखाण्यात घेते."

"एवढं लांब ते ऐकत नाही. नाव शिकायला दोनच सेकंद देतं."

वीणानं मासिकात डोकं खुपसलं, पण पान काही उलटलं नाही.

"सरी, ठीक आहे. धर इकडं. भगवंतराव."

"खात्रीसाठी आणखी एकदा मागतंय."

"भगवंतराव! झालं समाधान?"

"काय गं, काय झालं?" औषधाच्या खिडकीवरून थेंबांची बाटली घेऊन अप्पा धावतच आले.

"काही नाही. बसा."

"शिकलं बघा अप्पा, यंत्र शिकलं!"

अप्पा मुलाच्या कानाशी वाकले.

"स्वल्प थांब. तिला सांग, तिसऱ्यांदा मागतंय."