फुकटची वायर

शहागंजच्या थांब्यावर सायलीची बस आली आणि गेलीसुद्धा. दहावीच्या क्लासला उशीर होत होता, तरी तिचे पाय काही हलेनात. पुढं उभ्या असलेल्या दोघी शेजारणींचं बोलणंच तसं रंगलं होतं!

"भाभी, बिल्डिंगची सेक्रेटरी मी. नव्या कंपनीला हो म्हणून बसले. समद्यांना सहा महिने इंटरनेट फुकट!"

"अन् बदल्यात बाकी कंपन्यांच्या वायरी काढायच्या, वच्छलाताई?"

"मग! एकच वायर. भिंती कशा साफ दिसतील!"

"भिंती साफ, अन् माझ्या लेकीचा, माहनूरचा वर्गही साफ. पाचोड गावची पोरं तिच्याकडं मोबाइलवर गणित शिकतात."

"त्याला काय होतंय?"

"त्या कंपनीची स्वतःचं शिकवणीचं ॲप आहे. ते सुसाट पळणार, बाकीच्यांचे वर्ग अडकत अडकत. त्यांच्याच माणसानं माहनूरला तोंडावर सांगितलं."

"म्हंजी नळवाल्यानं म्हणायचं, चहाला पाणी जोरात सोडतो, वरणाला थेंब थेंब?"

"बराबर! माहनूर म्हणते, हे नियमातच बसत नाय."

"आन् दुसरी वायरच नसली तर आपण जायचं कुठं? थांबा, लावते त्या कंपनीवाल्याला फोन."

"इथं? रस्त्यात?"

"हॅलो! हर्सूलच्या बिल्डिंगची सेक्रेटरी वच्छलाबाई बोलतेय. तुमची वायर खुशाल लावा, पण दुसऱ्या कुणाची निघणार नाय. अन् आमच्या घरात काय जोरात चालायचं, ते आमी ठरवणार, नियमच हाय तसा. फुकट नाय देणार? नका देऊ! काय? वकिलानं पढवलं? वकील कशाला लागतोय हो? आमच्या बिल्डिंगमधी माहनूर मॅडम ऱ्हातात!"