व्हाळापलीकडची जागा

मंगळवारी सकाळी माझी बायको सुलभा गेली. मी तेव्हा शारजाहून दुबईला जाणाऱ्या रस्त्यावर ऑफिसच्या गाडीत होतो. मुलीचा फोन आला, बाबा, मम्मा इज नॉट वेकिंग अप. पुढच्या गाड्या थांबलेल्या होत्या. मी उतरलो आणि घराच्या दिशेने चालायला लागलो.

त्या दिवसाचं मला एवढंच सांगता येतं. बाकीचं लोक सांगतात, तू हॉस्पिटलात असं म्हणालास, तू जमिनीवरच बसलास, म्हणजे असेन बसलो. तन्वीला, माझ्या मुलीला, सगळं आठवतं.

तुम्ही म्हणालात पहिल्यापासून सांगा, तर पहिलं म्हणजे आमची पाणंदवाडी. सिंधुदुर्गात सातुर्ले म्हणून गाव, त्यातली ही वाडी, मधे एक व्हाळ. व्हाळ म्हणजे ओढाच, पण पावसात माणूस ओढून नेईल आणि एप्रिलात पोरं त्यात स्टंप ठोकतील असा. व्हाळाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे मूळ गाव, बाजार, पंचायतीची कचेरी. आणि आमची मसणवट, म्हणजे स्मशान, तीही पलीकडे, कारण मेलेल्या माणसाला पाणी ओलांडून न्यायचं, अशीच आमच्याकडची रीत. माझे आजोबा तिथे, वडील तिथे, काका तिथे. कोणी कधी विचारलं नाही की ही जमीन कुणाची.

आणि माझी पहिली मुलगी तिथे आहे. लग्नानंतरची पहिली. बारसं झालं होतं, नाव ठेवलं होतं, ते नाव मी आता घेत नाही. लहान जीवाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. मी तिला हातातून नेली. बायका तिथे येत नाहीत, सुलभा अलीकडे साकवाजवळ, म्हणजे व्हाळावरच्या लाकडी पुलाजवळ, उभी राहिली आणि तिने लांबून बघून ठेवलं की मी कुठे वाकलो. एक किंजळीचं झाड आहे, त्याच्या उगवतीला. पुढे आम्ही इथे शारजाला आलो, तन्वी झाली, ती इथल्या शाळेत वाढली, पण दर सुट्टीला गावी गेलो की सुलभा संध्याकाळी साकवावर जाऊन उभी राहायची आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसायची. मला म्हणायची, माका थंयच नेशात मा? म्हणजे मेल्यावर मला तिथेच न्याल ना. मी म्हणायचो, नेतंय गो, आधी चाय दी. असं हसत बोललेलं आहे ते. पण तिने ते परत परत विचारलेलं आहे, आणि प्रत्येक वेळी मी हो म्हटलेलं आहे.

माझं काम काय, तर सीमा आखायच्या. आयटीआयला सर्व्हेयरचा कोर्स केला, मुंबईत ट्रेसिंग केलं, मग इकडे. आता सगळं स्क्रीनवर. गेली काही वर्षं आमच्या ऑफिसकडे फ्रान्सचं काम आहे, तिथल्या एका खेड्यापाड्याच्या भागाचे नकाशे. मी तो मुलूख डोळ्यांनी कधी पाहिला नाही, पण त्याचा बांध न् बांध मला माहीत आहे. त्यांच्यात सगळ्यात खाली कोम्यून, म्हणजे आपली ग्रामपंचायत धरा, पण शंभर-दीडशे माणसांचीसुद्धा असते आणि तिला स्वतःचा मेयर असतो. काही कोम्यून मिळून कँटन, त्याच्यावर आरोंदिसमाँ, तिथे आपल्या प्रांत-अधिकाऱ्यासारखा एक साहेब, आणि त्याच्यावर देपार्तमाँ, म्हणजे जिल्हा. माणसं शहराला गेली, कोम्यून ओस पडले, म्हणून हल्ली दोन-तीन कोम्यून एकत्र करतात. ते एकत्र झाले की मधली रेघ मी काढून टाकायची, म्हणजे पुसायची नाही हां, तुटक करायची, जुनं नाव बारीक अक्षरात ठेवायचं. सुलभा विचारायची, आज किती गावं मोडलात? मी म्हणायचो, मोडली नाहीत, जोडली. ती म्हणायची, तेच ते.

तिकडची एक ओदील म्हणून बाई आमच्याशी कॉलवर बोलते, तिच्याच आईचं गाव असं शेजारच्यात मिळवलं होतं. नावावरून खूप भांडले म्हणे. मी तिला विचारलं, आणि तुमची स्मशानं? ती म्हणाली त्यावर भांडण नाही, कारण कायदाच आहे, माणूस जिथे मरतो तिथे, किंवा जिथे त्याचं घर आहे तिथे, किंवा जिथे त्याच्या कुटुंबाची पुरण्याची जागा आहे तिथे, त्याला नाही म्हणता येत नाही. मी घरी येऊन सुलभाला सांगितलं. ती म्हणाली, बरी माणसं आहेत.

आता आमचं उलटं झालं. त्यांचे कोम्यून जोडत होते तेव्हा आमची वाडी फुटत होती. वाडीचं म्हणणं रास्तच होतं, नळ पलीकडे, रस्ता पलीकडे, दिवे पलीकडे, आम्हाला काय, तर वेगळी पंचायत द्या. बरीच वर्षं खेपा घातल्यावर ते मंजूर व्हायच्या बेतात आलं. कुठलं काय कुणाकडे ते ठरवायला दोन्हीकडचे मानकरी देवळात बसले, आमच्याकडे असलं काही देवासमोरच ठरतं. गाऱ्हाणं घातलं, म्हणजे सगळं देवाला मोठ्याने सांगितलं. माझा चुलतभाऊ दत्ता, त्याने फोनवर आम्हाला दाखवलं, मी आणि सुलभा इथे अल मजाजच्या घरी स्वयंपाकघरात फोन पिठाच्या डब्याला टेकवून बघत होतो. गावकराने, म्हणजे गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्याने, एकेक नाव घेतलं, शाळा वाडीची, होय म्हाराजा, पांढरीची विहीर वाडीची, होय म्हाराजा, गोदाम गावाचं, होय म्हाराजा, आणि सुलभा हात पिठाचे असताना इथून होय म्हाराजा म्हणत होती, आणि तन्वी हसत होती की मम्मा, दे कान्ट हिअर यू.

मसणवटीचं नाव कोणी घेतलं नाही. घेणार कोण? देवासमोर, नारळ पुढ्यात, मंगल कार्य, तिथे मसणवट हा शब्द काढायचा? आमच्याकडचं शेंबडं पोर काढणार नाही. तुम्ही हसाल, पण तिथे बसलेल्या प्रत्येकाचा बाप पलीकडे जळलेला होता आणि एकानेही तोंड उघडलं नाही. जे देवळात बोललं गेलं तेच खाली कचेरीत लिहिलं गेलं, आणि जे बोललं गेलं नाही त्याच्यासाठी वहिवाटीची सोपी सीमा धरली, व्हाळ. मीसुद्धा तीच धरली असती. फ्रान्समध्ये हद्दीचा जुना दगड सापडला नाही की मी ओढ्याच्या मधोमधच रेघ ओढतो.

पुढे वाडीची पंचायत वेगळी झाली, नळाच्या पैशावरून दोन्हीकडचं फाटलं, आणि वाडीतला पहिला माणूस मेला तेव्हा पलीकडच्यांनी सांगितलं की ही जागा आमच्या हद्दीत आहे. फाटक बसवलं. तेव्हापासून वाडीची माणसं काजूच्या भरडात, म्हणजे वरच्या माळावर, जळतात, कातळावर, पावसात वर ताडपत्री धरून. वाडीने जिल्ह्याला अर्ज केलेला आहे की मसणवट दोघांची सामायिक धरा. तो अजून तिथेच आहे.

हे सगळं सुलभाला माहीत होतं. फाटकाचं कळलं तेव्हा ती कणीक मळत राहिली. मग म्हणाली, होईल काहीतरी, तोवर मी थोडीच मरतेय.

ती गेल्यावर आमच्या ऑफिसचा शफी, तो केरळचा आहे, कागदांचं सगळं तोच बघतो, तो म्हणाला, भाईसाब, टेन्शन मत लो, सब हो जाएगा इन्शाल्ला, बस यह बताओ, बॉडी इंडिया जाएगी या यहीं? मी म्हटलं इंडिया. म्हणाला, यल्ला, फिर मैं सोनापूर का देखता हूँ. दुबईतल्या सोनापुरात कामगारांच्या वस्त्या आहेत ते तुम्हाला माहीत असेल, तिथेच पार्थिव विमानाने न्यायच्या आधीचं औषध वगैरे करतात. दुसऱ्या दिवशी मी तिथे बाहेर बाकावर बसून दत्ताला फोन लावला. तो रडत होता. म्हणाला, दादा, वहिनीक काजूच्या भरडात नको, मी सरपंचाकडे जातंय.

पलीकडचा सरपंच म्हणजे बाळा, माझ्याच वर्गातला. दुपारी त्याचाच फोन आला. वाईट वाटल्याचं बोलला, खरंच बोलला, सुलभाच्या हातची सोलकढी प्यायलेला माणूस आहे तो. मग म्हणाला, पण तुमका वेगळा होया होता मा? झालात मा वेगळे? मगे आता व्हाळ ओलांडून कित्याक येतास? मी म्हटलं, बाळा, माझी मुलगी आहे तिथे. मग मी काय बोलावं, मी त्याला फ्रान्सचा कायदा सांगायला लागलो, की अरे तिकडे कुटुंबाची जागा असली की नाही म्हणत नाहीत. तर तो म्हणाला, मगे न्हे तिका फ्रान्साक.

असं म्हणाला. लगेच म्हणाला, चुकलंय, चुकलंय रे, तोंडातून गेला. आणि त्या भरात त्याने सांगितलं की पंचायत परवानगी देईल, फाटक उघडेल, लाकडंसुद्धा देईल, पण वाडीने लिहून द्यायचं की मसणवटीवर आमचा हक्क नाही आणि जिल्ह्याचा अर्ज मागे घेतो. मी म्हटलं, माझ्या बायकोच्या मयतावर तू अर्ज मागे घ्यायला लावतोस? तो म्हणाला, मी एकटो नाय, माझी पण माणसा आसत, तेंका मी काय सांगू?

संध्याकाळी वाडी दत्ताच्या अंगणात जमली. त्याने फोन मधे ठेवला, मी इकडे गॅलरीत. खाली लगूनच्या, म्हणजे इथल्या खाऱ्या तळ्याच्या, कडेने लोक फिरत होते, मुलं सायकली चालवत होती. मला वाटलं होतं वाडी नाही म्हणेल, भांडेल, मग मी त्यांना पाया पडून विनवीन. मी तशी तयारी करून बसलो होतो. तर दत्ता म्हणाला, दादा, आमी सगळे सही करतव. तू नुसतो हो म्हण. कोणी एक जण मागून म्हणाला, वहिनी आमची पण होती. मग माझी काकी, दत्ताची आई, फार म्हातारी आहे, तिला फोन दिला. ती म्हणाली, घेवन ये रे बाबू तिका. आमचा काय, आमका खंय ठेवशात थंय ऱ्हवतलव.

काका पलीकडे आहेत. काकीला पलीकडे जायचं आहे हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे, ती उघड बोलते, ह्यांच्या पायाशी जागा ठेवा म्हणून. आणि ती मला म्हणत होती घेऊन ये.

काय सांगू तुम्हाला. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी त्यांच्यावर चिडलो असतो, आयुष्यभर चिडलो असतो, ते मला चाललं असतं. ते हो म्हणाले. सगळी वाडी माझ्या एका शब्दासाठी थांबली होती, आणि माझ्या शब्दानंतर त्यांच्यातला प्रत्येक जण काजूच्या भरडात जाणार होता, त्यांची पोरंसुद्धा. मी सुलभाला विचारत राहिलो, मनातल्या मनात, सांग काय करू. ती आयुष्यात कधी कुणाच्या ताटातलं उचलून खाल्लेली बाई नाही. पण हेही मीच म्हणतोय. ती तर तिथेच न्या म्हणाली होती, स्पष्ट शब्दांत, आणि मी हो म्हटलं होतं.

मी फोनवर म्हटलं, सही करू नका. दत्ता म्हणाला, दादा, विचार कर. मी म्हटलं, केला. मग फोनमध्ये नुसतं कुत्रं भुंकल्याचं ऐकू येत होतं.

तन्वी मागे उभी होती. आदल्या दिवशी तीच म्हणत होती, बाबा, लेट्स जस्ट डू इट हिअर, प्लीज. आता म्हणाली, सो वी आर नॉट टेकिंग हर? मी नाही म्हणून मान हलवली; तिला तिथवर नेऊन व्हाळाच्या अलीकडेच जाळणं माझ्याने झालं नसतं. म्हणाली, बट यू प्रॉमिस्ड हर. मला तिला सगळं समजावून सांगता आलं असतं, हद्द, पंचायत, अर्ज, हे माझं रोजचं काम आहे. मी फक्त हो म्हटलं, प्रॉमिस केलं होतं.

शफीला सांगितलं, यहीं करना है. त्याने भाईसाब म्हणत खांद्यावर हात ठेवला. इथे हिंदूंचं स्मशान आहे, व्यवस्था चांगली आहे, माणसं अदबीने वागतात, एका तासात सगळं खलास. ऑफिसमधली आली, वसईची दोन ख्रिस्ती कुटुंबं आली, त्यांनी त्यांची प्रार्थना म्हटली, मी म्हटलं म्हणा. इथे बायकांना आत जाता येतं. तन्वी माझ्याबरोबर शेवटपर्यंत आत होती.

दत्ता म्हणतो अस्थी घेऊन ये, खाडी काय कुणाच्या हद्दीत नाय. बरोबर आहे त्याचं. पण खाडीत सोडलं की ती समुद्राला जाणार, तिला समुद्राला जायचं नव्हतं. बाळाचा एकदा फोन आला, मी उचलला, मग त्यानेच ठेवला. काकी बरी आहे. तिला खूप आयुष्य लाभो असं मी म्हणतो, आणि मग माझ्या लक्षात येतं की मी हे कशासाठी म्हणतोय.

मी कामावर जातो. ओदीलने सुट्टी घे म्हटलं होतं, मी घेतली नाही. आणखी काही कोम्यून जोडायचे आलेत, मी मधल्या रेघा तुटक करतो. संध्याकाळी तन्वी भात लावते, मी आमटी करतो, आम्ही जेवतो.

जिल्ह्याचा निकाल आलेला नाही. अस्थी कपाटात आहेत. सुलभा तिच्या मुलीजवळ नाही.