विजूभाऊंच्या मोहिमेतलं पुढचं विमान

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. विजूभाऊंच्या शोकसभेत दोन शब्द बोलायला उभी राहिले आहे.

परवा विजूभाऊंच्या आईंनी मला जवळ बसवून विचारलं, "बाई, खेळच होता त मंग विजू तो इतका खरा काहून करून राह्यला होता?" काकू, मी जे पाहिलं तेवढंच सांगते.

कारंज्यातलं भाऊंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सगळ्यांना माहीत आहे. दुकानामागच्या खोलीत बसून ते कॉम्प्युटरवरच्या लढाऊ विमानांच्या खेळासाठी मोहिमा रचायचे, हे फार थोड्यांना माहीत होतं. मी मानोऱ्याकडच्या तांड्यावरून इथं कॉलेजला आले, घरातली पहिलीच. फावल्या वेळात दुकानात काम करायचे. मला वाटलं होतं, बटण दाबलं की गोळी सुटते, झाला खेळ. भाऊंनी कित्येक दिवस मला गोळी झाडूच दिली नाही. उडायचं, वारा ओळखायचा, इंधनावर नजर ठेवायची, उतरायचं. पुन्हा उडायचं, पुन्हा उतरायचं. मी वैतागले की म्हणायचे, "बंदूक मंग. आधी घरी येनं शिक."

माझे आईबाबा दरवर्षी ऊसतोडीला जातात. माणूस घरी परतणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. खेळातही त्याची किंमत ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

इतर खेळांत हरलं की तेच उड्डाण पुन्हा करायचं. भाऊंच्या मोहिमेत हरलात तरी दुसरा दिवस उजाडायचा. आज विमान पडलं, तर उद्या एक विमान कमी. वैमानिक गेला, तर गेला. आणि लक्ष्य सोडून सगळ्यांना सुखरूप परत आणलंत, तर तेही यशच धरलं जायचं.

आमच्याबरोबर खेळणारे प्रफुल्लदादा समोर बसलेत. दादा, सांगते हं. आपली हुशारी दाखवायला ते एकदा खेळात फार खाली उडाले आणि टेकडीवर आदळले; त्यांचा वैमानिक गेला. दुसऱ्या दिवशी कचोऱ्यांचा पुडा घेऊन हजर. मोहिमेच्या फाईलमधली एक ओळ बदलली की वैमानिक जिवंत होतो, एवढंच तर करायचं, म्हणाले. भाऊंनी कचोरी खाल्ली, आम्हालाही वाटली. मग शांतपणे म्हणाले, "कचोरी मस्त हाय, प्रफुल्ल. पन मेलेल्याले मी उठवत नाही." दादांना नवशिक्या वैमानिकापासून सुरुवात करावी लागली. तेव्हापासून त्यांना टेकड्या दिसू लागल्या.

भाऊ असे अचानक गेले. मोहीम अर्धी राहिली. तिच्यात त्यांचा वैमानिक अजून जिवंत होता, सगळ्यांच्या पुढे उडणारा. ती फाईल माझ्याकडे होती. बरोबर खेळणारे सगळे म्हणाले, प्रफुल्लदादाही म्हणाले, भाऊंचं विमान आता कॉम्प्युटरला उडवू दे. निदान पडद्यावर तरी नाव दिसत राहील. कोणाचंच चुकलं नाही. मलाही तेच हवं होतं. कोणाला नको असेल? पण त्यांनी जे इतकं जपलं, ते त्यांच्याच नावासाठी मोडायचं का?

आता आपण उभे राहू आणि थोडा वेळ शांत राहू. त्याआधी एवढंच सांगते. आज सकाळी मी भाऊंचं नाव मोहिमेतून काढलं. सगळ्यांच्या पुढची ती जागा कोणालाही दिली नाही. आणि पुढच्या उड्डाणाची फाईल सगळ्या खेळणाऱ्यांना पाठवून इथं आले.