एका स्प्रिंगचा गेटपास

या सभेचे अध्यक्ष आणि आपले व्यवस्थापक साहेब, मंचावरचे पाहुणे, पुढच्या रांगेतल्या अंबूवहिनी, आणि जेवणाची सुट्टी सोडून या कँटीनमध्ये थांबलेल्या माझ्या कामगार बंधूंनो,

टूलरूममधले आपले गोरक्षराव आज निवृत्त होत आहेत. युनियनचा सेक्रेटरी म्हणून मी बोलायला उभा आहे. माझं भाषण म्हणजे आवळलेली मूठ आणि हादरणारं टेबल, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज हात वर जात नाही. का, ते सांगतो.

बहुराष्ट्रीय कंपन्या गरीब देशांचं भलं करतात की लूट करतात, यावर मी पंधरा वर्षं सातपूरला गेटसभा घेतल्या. ढीगभर पुस्तकं वाचून बोललो. पण याच कंपनीने सायखेड्याच्या या माणसाच्या हातात मायक्रोमीटर दिला. आपली मुलं कॉलेजात गेली. हे मी गेटवर कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

त्र्याहत्तर साली आपल्या स्विचमधली स्प्रिंग परदेशातून यायची. बंदरावर संप झाला, पेट्या अडकल्या, लाइन थांबली. गोरक्षरावांनी इथल्याच तारेची स्प्रिंग वळायला घेतली. तेरा तुटल्या. चौदावी किती वेळा दाबली ते मोजत बसले, ती काही केल्या तुटेना. तेव्हा अंबूवहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, हे झोपेत बी आकडे मोजत्यात. डाक्टरला दाखवा ना एकदा."

मी विचारलं, "कितीपर्यंत मोजतात?"

"मला काय ठावं? ऐकता ऐकता मलाच झोप लागती."

हसलात. बरं वाटलं.

मग कंपनीच्या परदेशातल्या मुख्य कचेरीतून कौतुकाचं पत्र आलं. सोबत एक कागद होता: स्प्रिंगचं ड्रॉइंग आणि तिचे सगळे हक्क कंपनीचे. गोरक्षराव तो घेऊन माझ्याकडे आले. "तुम्ही वाचणारे. करू का सही?" त्याच आठवड्यात चाळीस टेंपररी कामगारांना कायम करण्याची बोलणी चालली होती. कंपनीला नाराज करायची ती वेळ नव्हती. मी म्हणालो, "करा." पुढे काय होईल हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. ते चाळीस जण कायम झाले. त्यातले कितीतरी आत्ता माझ्यासमोर मान खाली घालून बसले आहेत. घालू नका. सांगणारा मी होतो.

आता तीच स्प्रिंग दुसऱ्या एका गरीब देशात, आपल्याहून स्वस्त हातांनी वळली जाणार आहे. आपलं स्प्रिंग खातं सोमवारी बंद होतंय. तिथल्या कामगारांवर माझा राग नाही. खरं सांगू? मला कुणाचाच राग येईनासा झालाय.

काल मी गोरक्षरावांना विचारलं, "निरोपाला काय हवं?" म्हणाले, "ती चौदावी. स्टोअरच्या कपाटात पडलीय." स्टोअरचं उत्तर आलं: कंपनीची मालमत्ता, साहेबांच्या सहीशिवाय गेटबाहेर जाणार नाही.

कंपनीने गोरक्षरावांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आभारी आहोत. पाहुण्यांचे आणि कँटीनमधल्या बायकांचेही आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर माझ्या वयाकडे पाहून सोडून द्या.

साहेब, हा गेटपास मी भरून आणलाय. वस्तू: स्प्रिंग, नग एक. 'परत आणणार का', या रकान्यात 'नाही' लिहिलंय. अकरा वर्षांपूर्वी मी गोरक्षरावांना जे सांगितलं, तेच आज सगळ्यांसमोर तुम्हाला सांगतो.

सही करा.